परक्या शहरात चांगली बिअर कशी शोधावी

भुसावळ आणि जळगाव या स्थानकांचे एक भाग्य असे, की कर्नाटक एक्सप्रेस येथून थेट बंगळुरूला जाते आणि गोवा एक्सप्रेस पुण्यावरून मडगावला. जागच्या जागी बनवलेल्या ताज्या बिअरसाठी नावाजलेली पुणे, गोवा आणि बंगळुरू ही तिन्ही ठिकाणे अशी गाडी न बदलता गाठता येतात. तरीही आपल्याकडची मंडळी तिथे पोहोचून बहुधा तीच स्ट्राँग मागवतात, जी गावातल्या परमिट रूममध्ये रोज मिळते, आणि तिचे दीडपट पैसे मोजून परततात. यात त्यांचा दोष थोडा आणि सवयीचा जास्त आहे, कारण आपल्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांना टेकलेला असताना बिअरविषयी विचारण्यासारखा प्रश्न एकच उरतो, आणि तो म्हणजे, "चिल्ड आहे ना?" परक्या शहरात हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ठेवावा. ही बिअर कुठे बनली आणि कधी बनली, हे आधी विचारावे. पुढे जे लिहिले आहे ते सगळे या एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्याचे मार्ग आहेत.

ही पारख आपल्याला अगदीच नवी नाही. अजिंठा पाहायला आलेला पाहुणा महामार्गावरच्या मोठ्या हॉटेलात "खान्देशी भरीत" मागवतो, तेव्हा त्याच्या पानात काय पडणार हे आपल्याला न पाहता कळते. आपण स्वतः भरीत खायला जातो तेव्हा मागच्या बाजूला कपाशीच्या काड्यांचा धूर दिसतो का, वांगी आजची आहेत का, आणि दुकानदार आपल्या आधीच्या गिऱ्हाइकाला काय देतो आहे, एवढे पाहूनच बसतो. बिअरलाही हीच नजर लावायची आहे. फक्त वांग्यांच्या जागी पोलादी टाक्या पाहायच्या.

निघण्यापूर्वी

ठिकाणांचे प्रकार आधी समजून घ्यावेत, म्हणजे नकाशावर शोधताना गोंधळ होत नाही. ज्या जागी बिअर तिथेच बनते आणि तिथेच विकली जाते, तिला मायक्रोब्रुअरी किंवा ब्रूपब म्हणतात. पुण्यात २००९ साली डूलालीने हे काम सुरू केले, बंगळुरूच्या इंदिरानगरात २०१० साली टॉइट उभे राहिले, आणि पुढच्या काही वर्षांत दोन्ही शहरांत अशा जागांची रांग लागली. दुसरा प्रकार टॅपरूमचा: बिअर एका ठिकाणी बनते आणि केगमधून, म्हणजे पोलादी पिंपातून, त्याच कंपनीच्या दुसऱ्या जागी येते. तिसरा प्रकार म्हणजे स्वतः काहीही न बनवणारा, पण निवडक बनवणाऱ्यांच्या बिअर नीट सांभाळून देणारा बार. पर्यटक या तिसऱ्या प्रकाराकडे दुर्लक्ष करतात आणि चांगल्या गोष्टीला मुकतात. मुंबईजवळ डोंबिवलीत बनणारी गेटवे ब्रुइंगची बिअर, उदाहरणार्थ, तिच्या कारखान्यात जाऊन नव्हे तर अशाच बारमधल्या नळावर भेटते.

नकाशावरच्या ताऱ्यांवर फारसे विसंबू नये. साडेचार तारे बहुधा डीजेला, रोषणाईला आणि वाढदिवसाच्या केकला मिळालेले असतात. त्याऐवजी अभिप्राय तारखेनुसार लावावेत, गेल्या दोन महिन्यांतलेच वाचावेत, आणि त्यांत बिअरचे नाव घेऊन कोणी काही लिहिले आहे का ते पाहावे. "अँबियन्स छान, स्टाफ छान" असे शंभर अभिप्राय एकीकडे आणि "या वेळचा स्टाउट जरा पातळ वाटला" हा एक अभिप्राय एकीकडे. मी दुसऱ्या जागी आधी जाईन, कारण तिथे बिअरकडे लक्ष देणारा माणूस येतो. लोकांनी टाकलेल्या छायाचित्रांत खडूने लिहिलेला फलक दिसला तर तो मोठा करून वाचावा. दर महिन्याला फलक बदलत असेल तर टाक्या रिकाम्या होत आहेत, म्हणजे माल फिरतो आहे. अनटॅप्ड नावाच्या ॲपवर लोक कुठे कोणती बिअर प्यायले याची नोंद ठेवतात. तिथल्या गुणांपेक्षा शेवटच्या नोंदीची तारीख अधिक उपयोगी पडते. आणि जायच्या दिवशी सकाळी फोन करावा, कारण हा धंदा चंचल आहे. जागा बंद पडतात, स्थलांतर करतात, एखाद्या खाजगी समारंभासाठी संध्याकाळभर अडवल्या जातात.

कोणाला विचारावे, यावरही थोडे. रिक्षावाला ओळखीच्या जागी नेतो, आणि ती ओळख कधी कधी दलालीची असते. हॉटेलचा स्वागतकक्ष आपल्याच गच्चीवरचा बार सुचवतो. सर्वांत खरे उत्तर मिळते ते एखाद्या बऱ्या बारच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाकडून, आणि तेही "इथे चांगले काय आहे" असे विचारून नव्हे, तर "सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः कुठे जाता" असे विचारून. बंगळुरूत मला या एका प्रश्नावर तीन नावे मिळाली, आणि त्यांतली दोन कोणत्याही "टॉप टेन" यादीत नव्हती.

आत शिरल्यावर

वेळ निवडता आली तर आठवड्यातल्या मधल्या वारी दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान जावे. शनिवारी रात्री नऊ वाजता कोणताही बारमन तुमच्याशी माल्टविषयी, म्हणजे बिअरसाठी मोड आणून वाळवलेल्या धान्याविषयी, बोलणार नाही. दुपारी मात्र जागा रिकामी असते, बिअर बनवणारा ब्रुअर बहुतेक वेळा तिथेच टाक्यांपाशी वावरत असतो, आणि आपल्या कामाविषयी कोणी आस्थेने विचारले तर तो अर्धा तास बोलतो. टेबलाऐवजी काउंटरवर बसावे, कारण पाहण्यासारखे जे आहे ते तिथेच घडते.

बसल्यावर आधी फलकावरचे प्रकार मोजावेत आणि मग काचेमागच्या टाक्या. एल जातीची बिअर साधारण १५ ते २२ अंश तापमानात आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लागरचे यीस्ट ८ ते १३ अंशांच्या थंडाव्यात सावकाश काम करते आणि नंतरही तिला काही आठवडे गारव्यात निवू द्यावे लागते. तेव्हा तेवढा काळ एक टाकी अडून राहणार हे उघड आहे. काचेमागे चार टाक्या आणि फलकावर आंबा, लिची, चॉकलेट, पान अशा बारा "ताज्या" बिअर असतील, तर एकाच साध्या बिअरमध्ये निरनिराळी सरबते मिसळली जात असण्याची शक्यता बरीच आहे. शीतगृहात केग भरून ठेवलेले असू शकतात, म्हणून लगेच निष्कर्ष काढू नये, "आज यातल्या कोणत्या टाकीत काय आहे?" एवढे विचारावे. जिथे काम खरे चालते तिथे उत्तर क्षणात येते.

नंतर कोणाच्या तरी पेल्याकडे पाहावे. स्वच्छ पेल्यात बिअरवर दोन बोटे फेस उभा राहतो, आणि पिणारा जसजसा घोट घेतो तसतशी फेसाची जाळीदार कडी पेल्याच्या आतल्या बाजूला चिकटत जाते; पाच घोटांत पाच कड्या. उलट, पेल्याच्या भिंतीला आतून बुडबुडे चिकटून बसलेले दिसले तर तिथे तेलकटपणा किंवा साबणाचा थर आहे. बारमन नळ उघडताना पेला तिरका धरतो का, आणि नळाचे तोंड बिअरमध्ये बुडवतो का, हेही दिसते. बुडवत असेल तर नळाला प्रत्येक गिऱ्हाइकाचा अंश लागतो आणि तिथे जंतू वाढतात. आपल्याकडे बर्फ चढलेला पेला म्हणजे पाहुणचार समजला जातो, पण अतिथंड पेल्यात जीभ बधिर होते आणि चांगली बिअर आणि वाईट बिअर एकसारखीच लागते. ज्याला वाईट बिअर खपवायची आहे, त्याच्या ते पथ्यावरच पडते.

हे मी पैसे देऊन शिकलो आहे. समुद्रकाठच्या एका पर्यटनस्थळी, दारावर "क्राफ्ट बिअर" असे ठळक लिहिलेल्या एका बारमध्ये, मी पहिला घोट घेतला तेव्हा लोण्याचा वास आला आणि गिळल्यावर घशात आंबट, शिरक्यासारखे काहीतरी उरले. वेटरला विचारले तर तो म्हणाला, "सर, क्राफ्टची टेस्ट अशीच असते." मला त्या वेळी काही कळत नव्हते, म्हणून मी मान हलवली आणि अख्खा पिचर संपवला. पुढे कळले ते असे: आंबवण्याचे काम अर्धवट सोडले, किंवा केगपासून नळापर्यंतच्या नळ्या वेळेवर धुतल्या नाहीत, की डायअॅसिटिल नावाचे द्रव्य उरते किंवा तयार होते आणि लोण्याचा वास देते, शिरक्याचा आंबटपणाही घाणेरड्या नळ्यांतल्या जंतूंचाच. या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवाव्यात असा या धंद्यातला दंडक आहे. म्हणून आता मी सरळ विचारतो, "लाइन कधी धुतली?" प्रश्नाने कोणी चिडले तर तेही उत्तरच समजावे. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बिअर जुनी होऊन हवा लागलेली आहे. हिरव्या किंवा पारदर्शक बाटलीतली बिअर उन्हात राहिली तर तिला उग्र, ओंगळ दर्प येतो, कारण बिअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्स या फुलांमधल्या द्रव्यांवर उजेडाची क्रिया होते. तपकिरी बाटली हा उजेड बराचसा अडवते. यातले काहीही आढळले तर पेला नम्रपणे परत करावा. चांगली जागा तो न कुरकुरता बदलून देते.

काय मागवावे आणि कोणत्या क्रमाने

पूर्ण पिंट मागवण्याची घाई करू नये. बहुतेक ब्रूपबमध्ये चार ते सहा लहान पेल्यांचा सॅम्पलर मिळतो, आणि एखाद-दुसऱ्या बिअरचा घोटभर नमुना तर बहुधा मागितल्यास फुकटही देतात. फिकट आणि हलक्या बिअरपासून सुरुवात करून कडू, काळ्या आणि कडक बिअरकडे जावे. उलटे केल्यास ठेच्यानंतर श्रीखंड खाल्ल्यासारखे होते. फलकावर दोन आकडे असतात. एबीव्ही म्हणजे मद्याचे प्रमाण. आपल्या अन्न नियमांनुसार ५ टक्क्यांपर्यंतची बिअर साधी आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंतची स्ट्राँग. आयबीयू म्हणजे कडवटपणाचे माप. गव्हाच्या बिअरमध्ये ते साधारण १० ते १५ असते, तर आयपीए नावाच्या कडवट एलमध्ये ५०च्या पुढेही जाते. स्ट्राँगची सवय असलेल्या माणसाला पाच टक्क्यांची बिअर "पाणी" वाटेल, हे गृहीत धरून पहिला पेला सावकाश घ्यावा.

खान्देशी माणसाने सुरुवात हेफेवायझनने करावी, असा माझा आग्रह आहे, आणि त्याला कारण आहे. रावेरकडचा माझा आतेभाऊ केळीचा शेतकरी. पुण्यात त्याला पहिल्यांदा या गढूळ, पिवळसर गव्हाच्या बिअरचा पेला दिला, तेव्हा त्याने तोंडाला लावण्याआधीच नाक आत घातले आणि म्हणाला, "भो, याले त केयाचा वास येतो!" मग त्याने वेटरला बोलावून यात कोणते इसेन्स टाकता असे दरडावून विचारले. वेटर गडबडला, ब्रुअर बाहेर आला आणि त्याने सांगितले की यात गहू, जव, हॉप्स, पाणी आणि यीस्ट याखेरीज काहीही नाही. बवेरियातल्या या विशिष्ट यीस्टमुळे आंबताना आयसोअमाइल अॅसिटेट तयार होते, आणि पिकलेल्या केळ्याचा वास ज्या द्रव्यांमुळे येतो त्यांत हेच प्रमुख आहे. सोबत लवंगेची छटाही याच यीस्टमुळे येते. आतेभावाने दुसरा घोट घेतला, डोळे मिटले, आणि हा वास झाडावर पिकलेल्या घडाचा नसून रायपनिंग चेंबरचे दार उघडल्यावर येतो तसा आहे, असा निर्वाळा दिला. ब्रुअरने ते वहीत लिहून घेतले. तेव्हा केळीच्या मुलखातल्या माणसाने आपल्या नाकाला कमी लेखू नये. गव्हाच्या बिअरच्या बाबतीत तो पुण्या-बंगळुरूच्या पुष्कळ रसिकांहून पुढे आहे.

त्यानंतर बेल्जियन धाटणीची विटबिअर घ्यावी, तिच्यात संत्र्याची साल आणि धने असतात. बंगळुरूला गेलात तर टॉइटची बासमती ब्लाँड चाखण्यासारखी आहे. तांदूळ बिअरला किती हलके करतो ते तिच्यात कळते. आयपीए पहिल्या भेटीत आवडेलच असे नाही, कारल्यासारखे तिचेही प्रेम उशिरा जडते. स्टाउट काळी असते ती भाजलेल्या जवामुळे, आणि तिची चव कोऱ्या कॉफीच्या जवळ जाते. शेवटी तीच घ्यावी. ॲपल सायडर ही बिअर नव्हे, सफरचंदाचा आंबवलेला रस आहे, पण ज्यांना कडूपणा चालत नाही त्यांची तिच्यावर सोय होते. खाण्यात मसालेदार चखणा गव्हाच्या बिअरबरोबर जमतो. शेवभाजीसारखा झणका मात्र आयपीएबरोबर घेऊ नये, कारण हॉप्सचा कडवटपणा तिखटाची आग वाढवतो.

ब्रूपब नसलेल्या गावी अडकलात तर बिअर शॉपीतल्या बाटलीची पाठ वाचावी. उत्पादनाची तारीख आणि कारखान्याचा पत्ता तिथे छापलेला असतो, आणि मुदत बहुधा सहा महिन्यांची असते. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बड्या कंपन्यांचे कारखाने आहेत, त्यामुळे आपल्या भागात महिना-दीड महिन्यापूर्वीची बाटली सहज मिळू शकते. दुकानदार पुढची बाटली देईल, तुम्ही मागची तारीख पाहून मागा.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडकेच सांगतो. म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये ज्या टेबलांवर कापड अंथरलेले नसते, तिथे बिअर विकत घेऊन खाणे घरचे नेण्याची जुनी मुभा आहे, तेव्हा दशम्या आणि चटणी बेलाशक उघडावी. कोलोनमध्ये २०० मिलिलिटरचा पेला रिकामा झाला की वेटर न विचारता दुसरा ठेवतो, आणि पेल्यावर जाडा पुठ्ठा झाकेपर्यंत हे थांबत नाही. प्राग शहरात हिशेब टेबलावरच्या चिठ्ठीवर रेघा मारून ठेवतात. ती चिठ्ठी हरवू नये.

बिल आणि कायदा

दर पाहताना पेला ३३० मिलिलिटरचा की ५०० चा, हे आधी विचारावे. स्वस्त वाटणारी बिअर पुष्कळदा लहान पेल्यातली असते. मद्यावर जीएसटी नसतो, राज्याचा वेगळा कर असतो, म्हणून बिलात खाण्याचा आणि पिण्याचा हिशेब वेगळा दिसतो. सर्व्हिस चार्ज देणे ऐच्छिक आहे आणि तो काढून टाकायला सांगता येते.

महाराष्ट्रात माइल्ड बिअरसाठी २१ वर्षांची आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, शिवाय पिण्याचा परवानाही लागतो. गोव्यात वयाची अट १८ आहे. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस कोरडे असतात, आणि निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तासही. सहलीच्या तारखा ठरवताना त्या त्या राज्याची यादी पाहून घ्यावी. रक्ताच्या १०० मिलिलिटरमध्ये ३० मिलिग्रॅम मद्य ही वाहन चालवण्याची कमाल मर्यादा आहे, आणि दोन पिंटांत ती सहज ओलांडली जाते. पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. गाडी मुक्कामीच ठेवावी.

काही ब्रूपब ग्राउलर, म्हणजे बिअर सोबत नेण्याची मोठी बाटली, भरून देतात. ही बिअर गाळून, तापवून टिकवलेली नसते, त्यामुळे ती थंड ठेवून एक-दोन दिवसांतच संपवावी लागते. मुक्कामाच्या खोलीपुरतीच ती घ्यावी. घरी घेऊन येण्याचा मोह टाळावा, कारण परराज्यातले मद्य महाराष्ट्रात परवान्याशिवाय आणता येत नाही. दारूबंदी असलेल्या गुजरातेत, सुरतेकडे, जाणाऱ्या नंदुरबार-धुळ्याच्या मंडळींना तर सीमेची ही बाब वेगळी सांगायला नको. नवापूरचे रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, आणि परवाना खिशात असला तरी तिथल्या फलाटावर बाटली घेऊन कोणत्या बाजूच्या बाकावर बसलो आहोत, याचे भान ठेवावे लागते.